उजेड कोणाच्या घरात? बाबासाहेबांचे वीजधोरण आणि न्हावा-शेव्याचा किनारा

आपल्या घरात, विहारात आणि चौकात बाबासाहेबांचे जे फोटो असतात, त्यांत त्यांच्या हाती संविधान असते किंवा ते दीक्षाभूमीवर उभे असतात. वीज अभियंते, प्रांतांचे प्रतिनिधी आणि कारखानदार यांच्या बैठकीत अध्यक्षस्थानी बसलेले बाबासाहेब आपल्याला फारसे माहीत नाहीत. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळी कामगारांच्या प्रश्नांबरोबर वीज, पाटबंधारे, खाणी आणि सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. स्वतंत्र भारताच्या वीजव्यवस्थेची आखणी ज्या काळात सुरू झाली, तो नेमका हाच काळ.

न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तर हे पर्व माहीत असायलाच हवे. रायगड जिल्ह्याच्या या टोकाला देशातले एक सर्वात मोठे कंटेनर बंदर आहे. शेजारी उरण तालुक्यात बोकडविरा येथे महानिर्मितीचे ६७२ मेगावॉटचे वायू विद्युत केंद्र आहे. समोर घारापुरी बेट आहे. लेण्यांमुळे ते जगाला माहीत आहे, पण त्याच्या पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत हे आपल्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते. या बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन गावांना अखंड वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यानंतर. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. समोर मुंबईचा झगमगाट आणि आपल्या घरात अंधार, अशी स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षे या गावांनी काढली. वीज तयार होणे ही एक गोष्ट आणि ती गरिबाच्या घरात पोहोचणे ही दुसरी. बाबासाहेबांनी विजेचा विचार केला तो या दुसऱ्या टोकापासून.

एकच जिल्हा, एकच साल

१९८१ पर्यंत रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत. मुंबईला मोठ्या प्रमाणावर जलविद्युत मिळाली ती याच जिल्ह्यातून. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते मोठ्या नळांतून खाली कोकणात सोडायचे, पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरवायचे आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी टाटांची योजना होती. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधले गेले. त्यात जमिनी गेलेल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, पण धरण थांबले नाही.

भिऱ्याची टर्बाइन फिरू लागली त्याच साली, त्याच जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. कुलाबा जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात पाण्यापासून वीज तयार करण्याइतके विज्ञान पुढे गेले होते आणि दुसऱ्या कोपऱ्यात माणसाला तेच पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता. हा योगायोग असेल, पण त्यातून आपल्या समाजाची रचना लख्ख दिसते.

ही वीज ज्या गिरण्यांना जात होती तिथेही परिस्थिती वेगळी नव्हती. कोकणातून गेलेले महार कामगार गिरण्यांत मोठ्या संख्येने होते, पण जास्त मजुरी देणारे कापड विणण्याचे खाते त्यांना बंद होते. धागा जोडताना तो तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळाची भीती वाटे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि खाते खुले करण्याची मागणी लावून धरली. कारखान्यात आधुनिक यंत्र आले म्हणून जात आपोआप जात नाही, हे त्यांनी परळच्या चाळीत राहून, गिरणगावात काम करून पाहिले होते. पुढे विजेविषयी बोलताना त्यांनी यंत्राची भक्ती केली नाही आणि यंत्राला नावेही ठेवली नाहीत, याचे मूळ आम्हाला या अनुभवात दिसते.

शेताचा तुकडा आणि कारखाना

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सैन्यातल्या सुभेदाराच्या घरी जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी झाले. संविधानामुळे आपण त्यांना कायदेपंडित म्हणून ओळखतो. मुळात त्यांचे शिक्षण अर्थशास्त्रज्ञाचे होते. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी त्यांचे प्रबंध राज्याच्या तिजोरीचे आणि चलनाचे प्रश्न हाताळणारे आहेत.

विजेच्या दृष्टीने त्यांचा महत्त्वाचा लेख १९१८ मधला आहे. भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय, हा त्याचा विषय. त्या काळी बहुतेक तज्ज्ञ म्हणत की शेतीचे तुकडे पडतात हेच दारिद्र्याचे कारण, तेव्हा तुकडे एकत्र करा. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. तुकडे पडतात कारण शेतीवर माणसांचा भार फार आहे. माणसाला दुसरे काम नाही म्हणून तो तुकड्याला चिकटून राहतो. शेताचा आकार बदलून काही होणार नाही. शेतीवरची जास्तीची माणसे दुसऱ्या उत्पादक कामात गेली पाहिजेत. म्हणजे उद्योग उभे राहिले पाहिजेत, आणि उद्योग उभे राहिले तर शेतीही सुधारेल.

ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्यासाठी तर हा मुद्दा आणखी मोठा होता. गावात महाराला वतन होते, म्हणजे गावकीची वेठ होती. शेतमजुराला मालक सांगेल ती मजुरी होती. गावाबाहेरचे काम ही त्यांच्या दृष्टीने पोटापाण्याची सोय होतीच, शिवाय गावगाड्यातून सुटण्याची वाट होती. या वाटेसाठी कारखाने हवेत आणि कारखान्यांना शक्ती हवी. १९१८ च्या या विचारापासून पुढच्या वीजधोरणापर्यंत सरळ रेघ जाते.

खोतीविरुद्ध लढा

त्या रेघेवरचा पुढचा टप्पा पुन्हा याच किनारपट्टीवर आहे. कोकणात खोत जमिनीचा मालक असल्यासारखा वागे आणि पिकातला मोठा वाटा घेई. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये जमिनी न कसण्याचा संप पुकारला. तो सहा वर्षे चालला. या कुळांत आगरी समाज मोठा होता. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला, त्याचे नेतृत्वही त्यांनी केले.

बाबासाहेब केवळ एका जातीचे पुढारी होते असे म्हणणाऱ्यांना या इतिहासात उत्तर आहे. उरण-पनवेल-अलिबागच्या आगरी-कोळी समाजाशी आपले नाते आजच्या निवडणुकांच्या गणितापेक्षा जुने आहे.

मजूरमंत्री आणि विजेचा प्रश्न

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. महायुद्ध चालू होते. युद्धानंतर देशाची उभारणी कशी करायची याचा विचार करण्यासाठी सरकारने पुनर्रचना समित्या नेमल्या. त्यांतल्या सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयाच्या धोरण समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. तिची पहिली बैठक २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत झाली.

त्या वेळची स्थिती समजून घेतली पाहिजे. वीज शहरांपुरती होती. ती खासगी कंपन्या, काही संस्थाने आणि काही प्रांतिक सरकारे आपापल्या हद्दीत तयार करत. एका कंपनीची तार दुसरीला जोडलेली नव्हती. कुठे वीज शिल्लक राही, कुठे कारखाना विजेवाचून अडे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सबंध देशाची स्थापित क्षमता जेमतेम १,३६२ मेगावॉट होती. म्हणजे आजच्या बोकडविऱ्याच्या केंद्रासारखी दोन केंद्रे घेतली तर ती जवळजवळ तेव्हाच्या अख्ख्या भारताएवढी होतात.

बाबासाहेबांनी बैठकीपुढे मूलभूत प्रश्न ठेवले. वीजपुरवठा खासगी मालकीचा असावा की सरकारी? तो प्रांतांकडे असावा की केंद्राकडे? आणि तो कसा चालवला तर लोकांना वीज स्वस्त आणि मुबलक मिळेल? स्वस्त आणि मुबलक या दोन शब्दांवर त्यांचा भर होता. वीज महाग असेल तर उद्योग उभे राहणार नाहीत, उद्योग नसतील तर शेतीवरचा भार कमी होणार नाही आणि गरिबीचा फेरा तुटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९१८ च्या लेखातला विद्यार्थी पंचवीस वर्षांनी निर्णयाच्या खुर्चीवर बसून तोच धागा पुढे नेत होता.

या प्रक्रियेतून १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. देशभरातल्या विजेच्या साधनांची पाहणी करणे, विभागवार योजना आखणे आणि प्रांतांना तांत्रिक सल्ला देणे ही त्याची कामे. पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, नद्यांसाठी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. ए. एन. खोसला त्याचे अध्यक्ष होते. आजचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग या संस्थांची वंशावळ इथपर्यंत मागे जाते. देशात प्रशिक्षित तंत्रज्ञ कमी आहेत, ते तयार केले पाहिजेत, हाही मुद्दा त्या काळच्या धोरणात होता. युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षण योजना मजूर खात्याकडेच होती.

दामोदरचे खोरे

या धोरणाची पहिली मोठी कसोटी दामोदर नदीवर लागली. जुलै १९४३ मध्ये या नदीला मोठा पूर आला. रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला आणि कलकत्त्याचा उत्तर भारताशी संपर्क खंडित झाला. बंगालमध्ये त्याच वर्षी दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीच्या खोऱ्यात जो प्रयोग चालू होता, त्याच धर्तीवर दामोदरचा विचार व्हावा, असे साहा सांगत होते.

बाबासाहेबांच्या खात्याने हा विचार उचलला. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र यांची परिषद झाली. टेनेसी खोऱ्यात काम केलेले अभियंते व्हुर्डुइन यांना केंद्रीय तांत्रिक वीज मंडळात बोलावले होते. त्यांनी १९४५ च्या ऑगस्टमध्ये प्राथमिक आराखडा दिला. नदीकडे पुराचे संकट म्हणून न पाहता एकाच योजनेत पूर अडवणे, शेतीला पाणी देणे, वीज तयार करणे आणि जलवाहतूक करणे, ही त्यामागची कल्पना. नदी दोन प्रांतांतून वाहत असेल तर तिच्यासाठी दोन्हींच्या वर एक स्वायत्त महामंडळ हवे, हा तिचा दुसरा भाग. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीसाठीही अशीच परिषद झाली. त्या वाटेवर पुढे हिराकूड धरण आले. दामोदर खोरे महामंडळ जुलै १९४८ मध्ये अस्तित्वात आले, तेव्हा बाबासाहेब मजूरमंत्री नव्हते. पण पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला होता.

या धरणांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांत आदिवासींची आणि गरीब शेतकऱ्यांची गावे बुडाली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्यान्पिढ्या राहिले. वीज सार्वजनिक मालकीची असली तरी तिची किंमत कोण मोजतो हा प्रश्न शिल्लक राहतोच. मुळशीच्या मावळ्यांनी तो आधीच विचारला होता.

खाणीतला कामगार

त्या काळी वीज म्हणजे बहुतांशी कोळसा, आणि कोळसा म्हणजे खाणीत उतरणारे स्त्री-पुरुष मजूर. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसाखाणी पाहायला गेले. युद्धात कोळशाची टंचाई म्हणून सरकारने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यावरची बंदी त्याच वर्षी उठवली होती. मजूरमंत्री म्हणून या निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि कायदेमंडळात टीकाही त्यांनाच ऐकावी लागली. पुरुषाएवढीच मजुरी स्त्रीला देण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. सरकारात राहून काम करणाऱ्याला कोणत्या कात्रीतून जावे लागते, हे या प्रसंगात दिसते.

याच चार वर्षांत कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला, त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. वीज वाढवायची आणि ती वाढवणाऱ्या हातांचे कामाचे तास कमी करायचे, त्यांच्या आजारपणाची सोय करायची, ही कामे एकाच खात्यात, एकाच टेबलावर चालली होती. ही जोड आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आज ऊर्जा एका मंत्र्याकडे आणि कामगार दुसऱ्याकडे असतात, आणि खांबावर चढणारा कंत्राटी वायरमन दोघांच्याही फायलीत सापडत नाही.

कायदा, संविधान आणि ग्रिड

मजूर खात्यात ज्या विचाराची बांधणी झाली त्याला १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने आकार दिला. तेव्हा वीज खाते न. वि. गाडगीळ यांच्याकडे होते. या कायद्याने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची आणि राज्य वीज मंडळांची तरतूद केली. वीज हे नफ्याचे साधन न राहता सार्वजनिक सेवा झाली. आपल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे मूळ या कायद्यात आहे. खेड्यापाड्यांत आणि हळूहळू बौद्धवाड्यांत जो पिवळा बल्ब लागला, तो याच मंडळांच्या तारांवर.

१९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले, त्यात मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत अशी मागणी होती. ती मागणी जशीच्या तशी संविधानात आली नाही. पण वीज हा विषय समवर्ती सूचीत आला, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. आंतरराज्य नद्यांसाठी केंद्राची भूमिका आली. १९४३ च्या बैठकीत विचारलेल्या प्रांत की केंद्र या प्रश्नाचे ते संविधानातले उत्तर होते.

तारांनी देश जोडायला मात्र बरीच वर्षे लागली. आधी प्रांत, मग विभाग असे जाळे वाढत गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले जाऊन एकच राष्ट्रीय ग्रिड झाले. दरम्यान २००३ च्या वीज कायद्याने १९४८ चा कायदा रद्द केला. २००५ मध्ये आपले वीज मंडळ निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्यांत विभागले गेले. स्थापित क्षमता आज साडेचार लाख मेगावॉटच्या पुढे आहे. स्वस्त आणि मुबलक यांपैकी मुबलक बऱ्याच अंशी साधले. स्वस्त कोणासाठी, हा प्रश्न महिन्याचे बिल आले की घराघरांत विचारला जातो.

न्हावा-शेवा: नवे तंत्रज्ञान, जुना प्रश्न

आता पुन्हा किनाऱ्याकडे येऊ. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याआधी नवी मुंबई आणि बंदरासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. चरीच्या संपापासून जासईपर्यंत पन्नास वर्षे गेली. प्रश्न तोच होता, जमीन कसणाऱ्याचा त्या जमिनीच्या भरभराटीत वाटा किती?

आज बंदरात विजेचे नवे तंत्रज्ञान येत आहे. यार्डात कंटेनर उचलणाऱ्या, रबरी चाकांवर चालणाऱ्या क्रेन पूर्वी डिझेलवर चालत. त्या आता विजेवर आणल्या जात आहेत. अशी क्रेन भरलेला कंटेनर खाली सोडते तेव्हा तिची मोटर उलट काम करते आणि थोडी वीज परत जाळ्यात देऊ शकते. धक्क्याला लागलेले जहाज दिवे, पंप आणि शीतपेट्यांसाठी स्वतःचे डिझेल इंजिन चालू ठेवते आणि त्याचा धूर बंदरालगतच्या गावांवर येतो. जहाजाला किनाऱ्यावरून वीज दिली तर इंजिन बंद ठेवता येते. त्यात एक तांत्रिक अडचण आहे. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे आणि अनेक जहाजांची यंत्रणा ६० हर्ट्झची असते, म्हणून मधे फ्रिक्वेन्सी बदलणारी मोठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. वीज अभियांत्रिकीतले बरेच संशोधन आज अशा परिवर्तकांवर, बॅटरीच्या साठ्यावर आणि सौरऊर्जेला ग्रिडमध्ये सामावून घेण्यावर चालू आहे. केंद्राच्या २०२३ च्या हरित सागर मार्गदर्शक तत्त्वांनुसार २०३० पर्यंत बंदरातली निम्म्याहून अधिक साधने विजेवर आणायची आहेत.

हे सारे चांगले आहे. धूर कमी झाला तर पहिला फायदा उरणच्या मुलांच्या फुप्फुसांना होईल. पण बाबासाहेबांचा विद्यार्थी एवढ्यावर थांबत नाही. क्रेन विजेवर आली, नंतर ती दूरच्या खोलीत बसून चालवता येऊ लागली, तर आजचा क्रेनचालक आणि ट्रेलरचा क्लीनर कुठे जाईल? परिवर्तक बसवणारा, सांभाळणारा तंत्रज्ञ कोण असेल? तो उरण-पनवेलच्या प्रकल्पग्रस्ताचा मुलगा असेल, बौद्धवाडीतली मुलगी असेल, की कंत्राटदाराने बाहेरून आणलेला माणूस? विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्यातल्या कुटुंबांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, हे पाहिल्यावर असे प्रश्न वेळीच विचारलेले बरे.

अतिशयोक्ती नको, वारसा हवा

बाबासाहेबांच्या या कामावर अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी अभ्यासपूर्ण लेखन केले आहे. केंद्रीय जल आयोगानेही त्यांच्या जलनीतीतल्या योगदानाची नोंद घेतली आहे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र जयंतीच्या दिवसांत मोबाइलवर फिरणाऱ्या काही संदेशांत देशातले प्रत्येक धरण आणि प्रत्येक वीजकेंद्र एकट्या बाबासाहेबांनी उभारले असे सांगितले जाते. त्याची गरज नाही. साहा होते, खोसला होते, अनेक अभियंते होते, प्रांतांची सरकारे होती. बाबासाहेबांचे मोठेपण असे की अभियंत्यांच्या बैठकीत त्यांनी माणसाचा प्रश्न मध्यभागी आणून ठेवला. खरे तेवढे सांगितले तरी ते पुरेसे मोठे आहे, आणि खऱ्याला कोणी खोडून काढू शकत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्म स्वीकारला आणि आपल्याला दिला. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या अर्थविचाराची आणि धम्माची वेगवेगळी कपाटे करण्याचे कारण नाही. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राज्यातली चोरी-लूट शिक्षेने थांबत नाही, असे राजाला सांगितले जाते. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, काम करणाऱ्याला योग्य वेतन दिले की राज्य शांत होते. लोकांच्या उपजीविकेची साधने पुरवणे हे राज्याचे काम, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. १९४३ च्या दिल्लीत त्या साधनांमध्ये वीज आली होती, एवढाच फरक.

मग आपण काय करायचे? आमच्या मते तीन गोष्टी आहेत. पहिली, विहारांतल्या अभ्यासवर्गांत संविधानाबरोबर मजूरमंत्री बाबासाहेबही शिकवावेत. दुसरी, उरण आणि पनवेल भागातल्या आपल्या मुलामुलींना इलेक्ट्रिशियन, वायरमन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, वीज अभियांत्रिकी या शिक्षणाकडे वळवावे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना सोबत बसावे, मुली या क्षेत्रात जात असतील तर घरच्यांची समजूत घालावी. तिसरी, बंदरात आणि वीज कंपन्यांत जी नवी कामे निघतील त्यांत स्थानिकांना प्रशिक्षण आणि हक्काची नोकरी मिळावी, कंत्राटी वायरमनला सुरक्षेची साधने आणि विमा मिळावा, यासाठी आगरी, कोळी, आदिवासी आणि बौद्ध संघटनांनी एकत्र मागणी करावी. चरीच्या संपात जे एकत्र आले त्यांच्या नातवंडांना हे अवघड नाही.

मेगावॉटचे आकडे वाढतच जातील. त्या आकड्यांतला आपला वाटा मात्र आपोआप वाढणार नाही. तो मागावा लागेल आणि त्यासाठी शिकावेही लागेल.

जयभीम, नमो बुद्धाय.